पोकळ गोडी

ताईने हातावर ठेवलेली चिकूची फोड त्याने तोंडात टाकली, डोळे मिटून जिभेवर घोळवली, टाळूला लावून दाबली, नाकातून सावकाश श्वास सोडला आणि सगळ्यांदेखत बशीत थुंकली. थुंकला तो थुंकला, वर हात पुढे करून म्हणाला, "कोमट पाणी." मग डोळे उघडले. समोर कामावरचा, फळ तपासणी केंद्रातला शिपाई नव्हता. समोर ताई होती. तिच्या एका हातात सुरी होती, दुसऱ्या हातात ताटली, आणि ताटलीत त्याच चिकूच्या उरलेल्या फोडी. खुर्चीत भाऊजी, दारात भाची, सोफ्याच्या कडेला त्याची बायको आणि आजच्यासाठी मुद्दाम बोलावलेल्या शेजारच्या काकू. रविवारची दुपार, डोक्यावर पंखा फिरतोय, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटणं म्हणजे नेमकं काय, ते त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पाणी कुणीच आणलं नाही. "अहो, साहेब लोक गिळत नसतात," भाऊजी म्हणाले, आणि काकू तोंडावर हात धरून हसल्या. ताई हसली नाही. तिने फक्त विचारलं, "कसं आहे रे?"

आता थुंकून झाल्यावर माणसाने सांगायचं तरी काय? बशीत तो लगदा पडलेला, सगळ्यांचे डोळे एकदा बशीवर आणि एकदा त्याच्या तोंडावर. अशा वेळी "छान आहे" म्हटलं तर शेंबडं पोरसुद्धा विचारेल, मग थुंकलास कशाला? काही तरी कारण द्यायला हवं होतं. आणि कारणं द्यायची तर त्याची जीभ पक्की सरावलेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. "गोडी आहे," तो म्हणाला, "पण पोकळ आहे. येते आणि जाते, मागे काही राहत नाही. गरात कण जरा जास्त आहेत. सहा." ताई म्हणाली, "सहा म्हणजे?" तो म्हणाला, "नऊपैकी." दारातून भाचीने विचारलं, "म्हणजे पास ना, मामा?" इथे तरी गप्प बसावं की नाही? पण नाही, बोलण्याचा उतार लागला की तो थांबत नसे. "पास म्हणजे माल परत पाठवणार नाही," तो म्हणाला, "पण पहिल्या प्रतीत धरणार नाही." माल. ताईच्या परसातल्या झाडाचं पहिलं फळ, आणि तो त्याला माल म्हणाला. मग काकूंनी एक फोड उचलली, त्याच्याचसारखे डोळे मिटून चघळली आणि मान हलवत म्हणाल्या, "हो बाई, मागे राहत नाही खरं काही." भाऊजींनीही खाल्ली. "पोकळ," ते म्हणाले, "शब्द बरोबर आहे." ताईने आपली फोड खाल्ली नाही. ती ताटली घेऊन आत गेली.

परतताना रिक्षात बायको म्हणाली, "अहो, थुंकलात तुम्ही." त्याने सवयीचं कारण पुढे केलं. सवय होती हे खोटं नव्हतं. फळ तपासणी केंद्रात त्याची सारी नोकरी चाखण्यात गेली होती. बागांमधून उतरवलेला माल परदेशी जायच्या आधी तिथे येई. पपई, अननस, केळी, आंबे, चिकू, ज्याचा हंगाम असेल ते. आधी रंग बघायचा, वजन करायचं, एका टोकदार यंत्राने साल टोचून घट्टपणा मोजायचा, रसाचा थेंब हातातल्या काचेवर घेऊन उजेडाकडे धरायचा आणि साखर वाचायची. हे सगळं यंत्रं करत. पण फळ खाताना माणसाला कसं वाटेल ते यंत्राला सांगता येत नाही, त्यासाठी माणसांच्या जिभा लागत, आणि त्या जिभांचा प्रमुख तो. प्रत्येकाने आपल्या कप्प्यात बसायचं. फळाचा रंग बघून मत बनू नये म्हणून आत लाल दिवा. अत्तर लावायचं नाही, चहा पिऊन यायचं नाही, शेजारच्याकडे बघायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. गिळायचं तर मुळीच नाही. गिळलं की पोट भरतं आणि भरल्या पोटाला सगळंच सारखं लागतं. फोड चाखायची, थुंकायची, कोमट पाण्याने चूळ भरायची, गुण द्यायचे, की पुढची फोड. केंद्रात त्याला पाठीमागे जीभसाहेब म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. आठ गुण त्याने क्वचित दिले असतील. नऊ कुणालाच नाही. नवी माणसं यायची आणि आंबा चाखून आठ, साडेआठ द्यायची. तेव्हा तो हसून म्हणायचा, "तुम्हाला भूक लागलीये, गुण देऊ नका, डबा खा."

हे नाकाने कांदे सोलणं घरीही आलं होतं. बायको पहिली काही वर्षं ताट वाढून त्याच्या तोंडाकडे बघायची, पुढे बघेनाशी झाली. "तुम्ही जेवता की पंचनामा करता?" असं एकदा म्हणाली होती आणि त्याने तो विनोद समजून केंद्रात चार लोकांना सांगितला होता. दुकानात पेरू घेताना तो देठाशी बोट दाबायचा, वास घ्यायचा, परत ठेवायचा. फळवाली म्हणायची, "साहेब, घ्यायचंय का बघायचंय नुसतं?" खरंच, शेवटचं फळ गिळलं कधी, हे त्याला रिक्षात आठवेना. चाखलेली फळं हजारो. पोटात गेलेलं एक आठवेना. बायको खिडकीसारख्या त्या उघड्या बाजूने बाहेर बघत होती. "ताईंचा चेहरा बघितलात का?" तिने विचारलं. त्याने बघितला होता. न बघितल्यासारखं करण्याइतका नीट बघितला होता.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती स्वतःच शाळेत जायच्या वयाची, पण दुसऱ्याच दिवसापासून स्वयंपाकघरावर तिच्या नावाची पाटी लागली, ती आजतागायत. त्याचे केस विंचरणं, त्याच्या शर्टाची बटणं, त्याचा ताप, सगळं तिने केलं. लग्न होऊन गेली तेव्हा जाता जाता त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "दूध उतू जाईल, लक्ष ठेव." तिच्या सासरी कुणी वाईट नव्हतं. फक्त कुणी बोलत नसे. भाऊजी पेपरात डोकं घालून जेवत. ताई वाढताना विचारी, "बरं झालंय का?" त्यावर ते "हं" म्हणत, आणि तो "हं" भाताला होता की बातमीला हे तिला कधीच कळलं नाही. परसात तिने चिकू लावला तेव्हा भाऊजींनी फार लक्ष दिलं नाही. झाड वाढलं, वर्षानुवर्षं नुसतीच पानं. मग फुलं आली ती गळली. यंदा थोडी फळं धरली, काही वाऱ्याने पडली, काही वटवाघळांनी नेली, आणि हे एक हाताशी आलं. ताईने फोनवर त्याला त्याची बातमी इतक्यांदा दिली होती की बायको चेष्टेने म्हणायची, "तुमच्या भाच्याची तब्येत कशी आहे?" सालीवरची तपकिरी भुकटी गेली का, नखाने किंचित खरवडलं तर खाली हिरवं दिसतं की पिवळं, चीक येतो का, हे सगळं त्यानेच तिला सांगितलं होतं. तिने फळ उतरवलं, तांदळाच्या डब्यात ठेवलं, आणि पिकल्यावर पहिली फोड भावाच्या हातावर ठेवली. साऱ्या जन्मात "कसं झालंय" या प्रश्नाचं उत्तर देणारा, आणि तेच उत्तर देण्याचा पगार घेणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता.

सोमवारी सकाळी तो कप्प्यात बसला तेव्हा पपईचा माल होता. लाल उजेडात फोडी एकसारख्या काळपट दिसत होत्या. त्याने पहिली चाखली, थुंकली, आणि सहा लिहिले. दुसरी चाखली. सहा. तिसरीला हात लावताना जिभेवर पपई नव्हतीच. कालचा चिकू होता. एवढ्या चुळा भरून, रात्रीचं जेवण, दात घासणं, सकाळचं पाणी, सगळं होऊनही घशाच्या वरच्या बाजूला काही तरी राहिलं होतं. खरपूस, आटवलेल्या दुधासारखं, आणि त्याच्या खाली अगदी बारीक, सालीजवळचा एक तुरटपणा. तो तुरटपणा गोडीला धरून ठेवत होता, तिला चिकट होऊ देत नव्हता. कण होते, पण ते जिभेवर विरघळायच्या आधी क्षणभर थांबत, आणि म्हणूनच ते चांगले होते. मागे काही राहत नाही म्हणाला होता तो. अरे, दुसरा दिवस उजाडला तरी राहिलंय! त्याने हातातला काटा खाली ठेवला. कालपासून तो स्वतःला समजावत होता की चूक झाली ती थुंकण्याची, आणि ती सवयीने झाली, आणि सवयीला माणूस काय करणार. थुंकणं सवयीचं होतं, कबूल. सहा मात्र सवयीचे नव्हते. फोड जिभेवर फिरत होती तेव्हाच त्याला कळलं होतं की हे आठाचं फळ आहे. आठाच्याही पुढचं असेल. थुंकलेलं झाकायला म्हणून त्याने फळालाच वाईट ठरवलं. चारचौघांत आपली फजिती होऊ नये म्हणून बहिणीची केली. आणि वर शब्द कसा शोधला, तर पोकळ. चोरी करणारा निदान गुपचूप करतो. याने आपल्या हुशारीचा दिवा लावून केली. त्याचे कान तापले. लाल दिव्यात ते कुणाला दिसले नसते, पण त्याने उगीच तोंड भिंतीकडे केलं.

"सर, आज सगळ्यांना सहाच?" कप्प्याच्या फटीतून कागद घेताना रसायनवाल्या बाईंनी विचारलं. साखर मोजण्याचं काम त्या बघत. "आजचा माल तसाच आहे," तो म्हणाला. "पण दुसऱ्यातली साखर चांगलीच वर आलीये," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे एकदा बघून कागद घेऊन गेल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कप्प्यात फोन आणायचा नाही हा नियम त्यानेच केलेला. भाची होती. "मामा, तू काल खरंच सहा दिलेस की भाव खात होतास?" त्याने विचारलं, "का ग?" "आमचे बाबा अगदी जिंकले ना! त्यांना परसात गाडीला शेड घालायचीये. केव्हापासून मागे लागले होते झाड काढू या म्हणून. आई म्हणायची, एकदा फळ येऊ दे, माझा भाऊ चाखेल, त्याने चांगलं म्हटलं तर झाड राहील, नाही म्हटलं तर मी एक शब्द बोलणार नाही. आज दुपारी माणूस येतोय तोडायला." तो म्हणाला, "ताई काय म्हणते?" भाची म्हणाली, "काही नाही. दिलेला शब्द म्हणते. सकाळी झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवला तिने. तोडणाऱ्याला बरं पडावं म्हणून."

तो निघाला. निघाला म्हणजे आधी पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभा राहिला, मग खुर्चीत बसला, मग पुन्हा उठला. काय सांगायचं जाऊन? मी खोटं बोललो? या वयात, या हुद्द्यावर, चिकूवरून? भाऊजी जन्मभर ऐकवतील. आणि एका झाडाने काय होतंय, शहरात रोज झाडं जातात, शेडही लागतेच माणसाला. असं सगळं त्याने स्वतःला बसमध्ये बसल्यावरसुद्धा सांगून बघितलं. मन मोठं चलाख असतं, लाज वाटायला लागली की लगेच हिशेबी होतं. पण डोळ्यांसमोर ताई पाचोळा झाडत होती. ती वाकून झाडते, एक हात पाठीवर ठेवून, हे त्याला माहीत होतं, आणि ते चित्र काही केल्या हलेना. समोरच्या सीटवर एक बाई पिशवीतलं केळं सोलून आपल्या सासूला देत होती. सासू दात नसलेल्या तोंडाने ते खाऊन "गोड आहे हो" म्हणाली. बस्स, एवढंच तर म्हणायचं होतं. एवढ्यासाठी कुणी नऊ गुणांची पट्टी काढतं का? त्याला स्वतःच्या जिभेची शिसारी आली. बस थांब्यावर थांबत थांबत जात होती आणि प्रत्येक थांब्यावर त्याला वाटत होतं, पोचू तेव्हा सगळं संपलेलं असेल. मग सांगायचीही गरज उरणार नाही. असं वाटलं आणि किंचित सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज बाकी सगळ्याहून जास्त होती.

झाड होतं. तोडणारा माणूस परसात दोरी बांधत होता आणि भाऊजी त्याला शेडचं माप दाखवत होते. ताई ओट्यापाशी होती. "अरे, तू? कामावर नाही गेलास?" त्याने चप्पलसुद्धा काढली नाही. "ताई, झाड तोडू नकोस. मी काल खोटं बोललो. ते फळ सहाचं नव्हतं. आठाचं होतं. मी उगाच बोललो, थुंकलो म्हणून बोललो." एवढं सगळं एका दमात. मागून भाऊजी आत आले. "घ्या! निकाल देऊन झाला आणि आता न्यायाधीशच अपील करतोय!" त्यांना खरंच हसू आलं होतं, रागबिग नव्हता. ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढे येऊन तिने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला, लहानपणी पुसायची तसा. "पोरीने फोन केला ना तुला? सांगितलं होतं नको करूस म्हणून. तुला माझं वाईट वाटलं, म्हणून धावत आलास."

"तसं नाही ग. खरंच चांगलं होतं."

"मी पण खाल्लं ना नंतर, इथेच उभं राहून. आधी गोड लागलं मला. मग तुझं बोलणं आठवलं, म्हटलं बघू. तर खरंच रे, मागे काही राहत नव्हतं."

"राहत होतं!" तो जवळजवळ ओरडला. "अजून आहे माझ्या तोंडात!"

"तुझ्या तोंडात कसं असेल?" ताई शांतपणे म्हणाली. "तू तर थुंकलास."

 बाहेर करवत सुरू झाली. भाऊजी माप धरायला गेले. ताईने गॅसवर आधण ठेवलं, त्याच्याकडे पाठ करूनच बोलत राहिली. "आई गेल्यावर मी रांधायला लागले. करपायचं, कच्चं राहायचं, एकदा तर मीठ दोनदा पडलं होतं. तू ताट पुसून खायचास आणि मस्त म्हणायचास. मला कळत नव्हतं होय? मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचास. रोज. तुझा जीव केवढा, आणि खोटं केवढं रेटून. मग इथे आले, इथे तेवढंही नाही. काल पहिल्यांदा कुणी तरी माझ्या हातचं डोळे मिटून नीट चाखलं आणि खरं काय ते सांगितलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. काकूंसमोर तर फारच. पण रात्री विचार केला, बरंही वाटलं. म्हटलं, आता मी त्याला लहान वाटत नाही. आता तो मला खरं सांगतो." तिने चहा गाळला आणि कप त्याच्या हातात दिला. परसात काही तरी मोठं कडकडून पडलं, आणि भाऊजी "सांभाळून, सांभाळून" म्हणाले. ताई तिकडे वळली नाही.

त्याने चहाचा घोट घेतला. घोट तोंडात न फिरवता, न तपासता, सरळ गिळला. चहा सुरेख होता. पावडर नेमकी, साखर नेमकी, आलं नुसतं मागून कळण्याइतकं. असा चहा त्याने किती तरी दिवसांत घेतला नव्हता. "कसा झालाय?" ताईने विचारलं. तो म्हणाला, "छान झालाय, ताई. फार छान." तिचा चेहरा उतरला. "झालं, परत सुरू केलंस," ती म्हणाली. तिने ओटा पुसायचं फडकं उचललं, दोन वेळा घडी घातली, परत ठेवलं. मग त्याच्याकडे वळून, अगदी हळू, जवळजवळ लाजत म्हणाली, "खरं सांग ना रे. कालच्यासारखं."

त्याने कपाकडे बघितलं. मग आणखी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "साखर जरा जास्त आहे," तो म्हणाला.

"हो ना? मलाही वाटलंच," ताई म्हणाली, आणि तिचा सगळा चेहरा खुलला. "उद्यापासून कमी घालते."